खुर्चीत बसण्याआधी ऑफिसात बसा

आमच्या कळव्याच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका परवा विचारत होती, “मॅडम, पुढे मुख्याध्यापक व्हायचंय, आत्तापासून काय करू?” हे मला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते.

अनुदानित माध्यमिक शाळेत 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे पदवी, बीएड आणि 5 वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, त्यातली 2 वर्षं बीएडनंतरची. पुढचं सेवाज्येष्ठता यादी ठरवते. मीही तशीच झाले. 31 मेला सर निवृत्त झाले आणि चाव्यांचा जुडगा माझ्या हातात आला. मराठी शिकवण्यात माझा हातखंडा होता, पण जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदींची वही, मी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात खारेगावहून एक आई आली. मुलीची जन्मतारीख रजिस्टरात अंकांत 12 होती, अक्षरात एकवीस. क्लार्क रजेवर होते. “उद्या या” म्हणत मी तिला तीनदा परत पाठवलं. तिच्या कामावर तीन खाडे पडले. मुलगी शाळा सोडून गेली होती, म्हणजे नोंद दुरुस्त करायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. प्रस्ताव आपणच पाठवायचा असतो. एवढं माहीत असतं तर पहिल्याच दिवशी तिचा अर्ज घेतला असता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून डीएसएम, म्हणजे मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका, तिशीतच करा. निवृत्तीला चार वर्षं उरल्यावर करून काय उपयोग? इग्नूचीही शैक्षणिक व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका आहे. स्वाध्याय मात्र गाइडमधून उतरवू नका. आपल्याच शाळेचं वेळापत्रक, आपलंच अंदाजपत्रक घेऊन लिहा. अधिकारी व्हायचं असेल तर एमपीएससीतून शिक्षण सेवेची वाट वेगळी, तिचा अभ्यासही वेगळा.

आणि आठवड्यातला एक ऑफ तास ऑफिसात बसा. शालार्थ या सरकारी पगार-प्रणालीवर पगारबिल कसं जातं, यूडायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती कशी भरतात ते पाहा. संचमान्यता, म्हणजे पटसंख्येवरून शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरणं, ती तर समजून घ्याच. आधार न जुळल्याने पटावरची मुलं मोजणीत आली नाहीत, तर शेजारच्या वर्गावरचा शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. त्याचं घर, त्याचं कर्ज, सगळं त्या आकड्यावर. हे कुठल्या पुस्तकात वाचून तितकं कळत नाही.

त्या शिक्षिकेला मी शुक्रवारचा शेवटचा तास मोकळा करून दिलाय. काल तिने 30 जन्मदाखले रजिस्टरशी ताडून पाहिले, त्यात एका मुलीच्या आईचं नाव चुकलेलं सापडलं. मुलगी अजून नववीत आहे.