आपला बांध, त्यांचा बांध

गेल्या उधाणाला पेणकडच्या आमच्या खारबांधाला, म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाला, पुन्हा खांड पडली, तो फुटला आणि घरच्या ग्रुपवर वाद पेटला. दादाचं म्हणणं, "बांध खारभूमी खात्याचा. त्यांनी बुजवावा, आपण कशाला घमेली उचलायची?" चौघांनी त्याला अंगठे दिले. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

कारण त्याच सुमारास एका शनिवारी मी इथं हवाईत, ओआहू बेटावरच्या हेएइयाला दगड उचलत होतो. कानेओहेच्या उपसागराला लागून 88 एकरांचं मासे वाढवायचं तळं, 600 ते 800 वर्षं जुनं. भोवती दोन किलोमीटरची भिंत, दोन्ही अंगांना काळा दगड, मधे पोवळ्याची भर, सिमेंटचा कण नाही. तिच्यातला माकाहा म्हणजे आपली उघाडीच, बांधातलं पाण्याचं दार, फक्त आपली खारं पाणी अडवते आणि ही आत घेते. लाकडी पट्ट्यांच्या फटींतून बोटाएवढी बोय मासळी भरतीबरोबर आत शिरते, शेवाळ खाऊन पोसते आणि मग त्याच फटीतून तिला बाहेर पडता येत नाही. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून हे पाहिलंय.

ही भिंत 1965च्या पुरात फुटली. तिला पडलेलं खिंडार बुजायला 2015चा डिसेंबर उजाडला. त्या दिवशी जवळपास 2000 माणसं हातोहात दगड देत उभी होती. जमीन त्यांच्यापैकी कुणाच्याही नावावर नाही, ती कामेहामेहा स्कूल्स या तिथल्या शिक्षणसंस्थेची. तळ्याकडे येणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला लोकांनी अळूची खाचरंही पुन्हा लावली आहेत, म्हणजे गाळ तिथंच बसतो, तळ्यात उतरत नाही. अळू तेच, आपल्या परसातलं.

दादा म्हणेल, तिथं कांदळवन उपटतात, इथं फांदीला हात लावला तर गुन्हा दाखल होतो. तिथलं कांदळ शंभर वर्षांपूर्वी बाहेरून आणलेलं, आपलं मूळचं. ते राखायलाच हवं. पण आपल्या खाचरात ते शिरलं कसं? खांड वर्षानुवर्षं उघडी राहिली म्हणून. आजोबा सांगायचे, उधाणाच्या रात्री घरटी एक माणूस पेंढा आणि चिखल घेऊन बांधावर जायचं. 1948चा खार जमीन कायदा आला, बांधाची जबाबदारी सरकारकडे जाऊ लागली आणि हळूहळू ती माणसं घरी बसली.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं.

दोन वर्षांपूर्वी याच बेटावरून मी कुलमुखत्यारपत्र पाठवलं आणि माझा हिस्सा विकला गेला. त्याआधीच्या पावसाळ्यात दादाने फोन केला होता, "बांधावर माणसं कमी पडतायत, येतोस का?" रजा नाही, म्हणालो. इथं मात्र महिन्याचा एक शनिवार मला बरोबर सापडतो. दादाचा हिस्सा अजून आहे. खारं पाणी शिरलंय ते त्याच्या भातात.

तळ्यावर काम सुरू व्हायच्या आधी सगळे गोल उभे राहतात. प्रत्येकजण नाव सांगतो आणि गाव सांगतो. मी अजून पेणच सांगतो.