कधी उठावे, की कशावर बसावे?

गोव्यातल्या मांडवी नदीवरच्या तरंगत्या कॅसिनोतून परतलेल्या मिलिंदने शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर छातीठोकपणे सांगितले की, जुगारात माणूस गणितामुळे बुडत नाही, वेळेवर न उठल्यामुळे बुडतो. दहा हजार रुपये घेऊन बसायचे, हजार रुपये वर आले की तडक उठायचे, हा त्याचा नियम.

आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेल्या विद्याधरने आधी खेळ कोणता ते विचारले. रुलेट, म्हणजे फिरत्या चाकावरची गोळी कोणत्या घरात थांबेल यावर पैज, आणि तेही लाल-काळे, असे उत्तर आले. एकच शून्य असलेल्या चाकावर 37 घरे असतात, त्यांपैकी 18 लाल, 18 काळी आणि एक हिरवे शून्य. म्हणजे लालवर लावलेली पैज जिंकण्याची शक्यता 48.65 टक्के असते, मोबदला मात्र बरोबरीचाच मिळतो, आणि त्यामुळे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी 2.70 रुपये कॅसिनोकडे राहतात. चाकावर दोन शून्ये असतील तर हाच आकडा 5.26 होतो. “तोटा प्रत्येक पैजेत आहे,” विद्याधर म्हणाला, “आणि ऋण आकड्यांची बेरीज तू कुठेही थांबवलीस, तरी ती धन होणार नाही.”

“मग मी बहुतेक वेळा जिंकून कसा येतो?” मिलिंदने विचारले, आणि हा प्रश्न मला तरी बिनतोड वाटला.

विद्याधरने तो नाकारला नाही, हेच त्या संध्याकाळचे खरे आकर्षण. हजार-हजाराच्या पैजा लावल्या, तर मिलिंदच्या नियमाने सुमारे 88 टक्के रात्री तो हजार रुपये जिंकूनच उठेल, असे त्याने मोबाइलवर हिशेब करून दाखवले. उरलेल्या 12 टक्के रात्री मात्र दहाचे दहा हजार जातील. शंभर रात्रींत ढोबळमानाने 88,000 रुपये येतील आणि 1,20,000 जातील. नियम तोटा पुसत नाही. तो अनेक रात्रींवरून उचलून थोड्या रात्रींवर नेऊन ठेवतो, आणि माणसाच्या लक्षात राहतात त्या अर्थातच जिंकलेल्या रात्री.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नेमाने जाणाऱ्या सुहासने यावर शहाणपणाचा तोडगा सुचवला, की मग शंभर-शंभरच लावावेत आणि सावकाश खेळावे. पण हिशेब उलटाच निघाला: दहा हजारांचे अकरा हजार होण्याची शक्यता 88 वरून 58 टक्क्यांवर घसरली. हजारांच्या पैजांत निकाल लागेपर्यंत सरासरी अकराएक पैजा होतात, म्हणजे जवळपास अकरा हजार रुपये टेबलावर फिरतात. शंभरांच्या पैजांत तेराशेहून अधिक पैजा होऊन 1,30,000 रुपयांहून जास्त फिरतात, आणि कॅसिनोचे 2.70 टक्के या फिरलेल्या रकमेवर असतात, खिशातल्या दहा हजारांवर नव्हे. पैसे दुप्पट करायचे असतील तर हा फरक भीषण होतो. एकाच पैजेत सगळे लावले तर शक्यता 48.65 टक्के, शंभर-शंभर लावले तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. उठण्याच्या नियमाला काही अर्थ असलाच, तर तो किती रक्कम फिरते यापुरता आहे, असे माझे मत इथे पक्के झाले.

हरल्यावर पैज दुप्पट करण्याची जुनी युक्तीही मिलिंदने काढलीच. शंभरापासून सुरुवात करून ओळीने दहा वेळा हरले की 1,02,300 रुपये गेलेले असतात आणि पुढची पैज 1,02,400 ची लागते. तिथे टेबलाची मर्यादा किंवा खिसा आडवा येतो. 18 ऑगस्ट 1913 रोजी माँटे कार्लोत ओळीने 26 वेळा काळे आले, आणि आता लाल येणारच म्हणून रक्कम वाढवत गेलेले लोक धुऊन निघाले.

“पण ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात तर गणिताने कॅसिनोला हरवले आहे,” सुहास म्हणाला. ते खरेच आहे. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने 1962 मध्ये दाखवून दिले, की वाटून गेलेले पत्ते लक्षात ठेवले तर उरलेला जोड कधी खेळणाऱ्याच्या बाजूने झुकला आहे ते कळते आणि तेव्हाच मोठी पैज लावता येते. कॅसिनोंनी मग अनेक जोड एकत्र पिसायला सुरुवात केली. सुहासला वाटले की याने मिलिंदची बाजू सावरली, पण थॉर्प यांनी बदलली ती हाऊस एज, म्हणजे दर पैजेतला कॅसिनोचा सरासरी वाटा, उठण्याची वेळ नव्हे. आणि रुलेटच्या चाकावर आधीच्या निकालाचा काहीच परिणाम होत नसल्याने तिथे मोजण्यासारखे काही उरतच नाही.

तोट्याची मर्यादा मात्र मला मान्य आहे. दहा हजारांच्या पुढे जायचे नाही हा घरखर्चाचा नियम झाला आणि तो चांगलाच आहे. नफ्याची मर्यादा ही निव्वळ मनाची समजूत.

शेवटी मिलिंदने विचारले, की सगळे दहा हजार एकदाच लालवर लावून निघून आलो तर? “सरासरी 270 रुपये तोटा, तुझ्या नियमापेक्षाही किंचित कमी,” विद्याधर म्हणाला. यात कॅसिनोचे प्रवेशशुल्क आणि पणजीपर्यंतचे भाडे धरलेले नाही, याची आठवण सुहासने करून दिली.