पंखे बदलले, तरी मेचं बिल का वाढलं?

काका,

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण निवृत्त आहात आणि इंदूरच्या सुदामानगरात स्वतःचं घर आहे असं लिहिलंत, म्हणून काका म्हणते. तुमची तक्रार अशी: माझा पंख्यांवरचा लेख वाचून एप्रिलमध्ये दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घेतले, सहा हजार गेले आणि मेचं बिल उलट वाढून आलं. हे पंखे काय, सोलर काय, सगळे पैसेवाल्यांचे उद्योग आहेत, बटणं वेळच्या वेळी बंद केली की पुरे.

आधी बिलाचं बघू. एप्रिलशी मे ताडून बघू नका, कारण मध्ये कूलर सुरू झाला. मोठा कूलर १५० ते २०० वॉट घेतो. बारा तास चालला तर दिवसाला दोनेक युनिट, म्हणजे महिन्याला साठच्या आसपास. फ्रीजही उन्हाळ्यात जास्त वेळ चालतो. जुना पंखा साधारण ७५ वॉटचा, तुमचा नवा ३० च्या आसपास. पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, दोघांचे चाळीस. ते वाचलेच आहेत, फक्त कूलरच्या साठात दिसेनासे झाले.

आणि हे चाळीस युनिट आपल्याकडे फार मोलाचे आहेत. मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत असेल तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. १५० ओलांडले की ती सवलत अख्खीच जाते. म्हणून १८० वरून १४० वर आलेल्या घराचं बिल निम्म्याच्याही खाली येतं. इंदूरमध्ये पंख्याची किंमत किती महिन्यांत वसूल होते हे काढताना सरासरी दर धरू नका, आपलं घर या १५० च्या कोणत्या बाजूला आहे ते धरा. मूळ लेखातही माझा सगळा भर यावरच होता.

एक विचारते. पंखे बसवताना इलेक्ट्रिशियनने भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढला का? बहुतेक बीएलडीसी पंख्यांचा वेग रिमोटनेच कमी-जास्त करायचा असतो; मध्ये रेग्युलेटर राहिला तर पंख्याचं सर्किट बिघडू शकतं. बाकीच्या पंख्यांना तो मोठा डब्यासारखा जुना रेग्युलेटर असेल तर पंखा मंद लावून त्यावर हात ठेवून बघा, गरम लागेल. पंखा हळू फिरतो, पण वाचायला हवी ती वीज त्या डब्यात उष्णता होऊन जाते.

बटणं बंद करण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी वाद घालणारच. रिकाम्या खोलीतला दिवा बंद करावा, यात दुमत नाही. पण आपल्याकडे कितीतरी घरांत आजी-आजोबा ४२ डिग्रीच्या दुपारी बिलाच्या धास्तीने कूलर बंद करून बसतात. त्या वयात उष्माघात जिवावर बेततो. कमी विजेचा पंखा मला हवा आहे तो यासाठीच, की तो बंद करायची वेळ कुणावर येऊ नये.

पैसेच घालायचे नसतील तर गच्चीकडे बघा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो. बाहेर माळव्याची गार हवा सुटलेली असते आणि आत पंखा गरम वारा फेकतो. मार्चमध्ये गच्ची झाडून-धुऊन पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारा. पावसात तो धुपतो, दर वर्षी मारावा लागतो, पण खर्च किरकोळ. पश्चिमेच्या खिडकीला ताटी बाहेरून लावा. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो.

सोलरबद्दलचं तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, पण ते पॅनल बसवून झाल्यावर खात्यात येतं. आधीची सोय आपल्यालाच करावी लागते. ज्यांच्याकडे दोन एसी आहेत, त्यांनी जरूर बसवावं. १५० युनिटच्या आत राहणाऱ्या घराने त्यासाठी कर्ज काढू नये.

आता गेल्या वर्षीच्या मेचं बिल शोधा आणि या वर्षीच्या बिलाशेजारी ठेवा. रुपये नकोत, दोन्हींवरचे युनिट आणि रीडिंगच्या तारखा इथे लिहा. कूलर किती तास चालतो तेही कळवा, म्हणजे पुढचा खर्च कशावर करायचा, की करायचाच नाही, हे नीट सांगता येईल.