क्रिवाकने कॅरियर बुडत नाही, आणि गेमही बिघडलेला नाही

गेमिंगच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय : ‘क्रिवाक – सी पॉवरमधली एकही कमजोरी नसलेली युद्धनौका’. खाली आठ मुद्दे, प्रत्येक मुद्द्यापुढे ज्वाळांचे इमोजी. असले मेसेज मी एरवी उघडतही नाही. पण हा भाच्याने पाठवला, सोबत तक्रार जोडून : ‘मामा, यात सांगितलंय तस्संच करतोय, तरी दर वेळी बुडतोय. गेममध्ये बग आहे.’ त्यात हा मुलगा एसएसबीच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीची तयारी करतोय आणि मेसेजमधला ‘तलवार’वाला मुद्दा तिथे ठोकून द्यायचा त्याचा बेत होता. मग गप्प बसवेना.

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो : ‘सी पॉवर’ हा ट्रायसिक गेम्सचा, मायक्रोप्रोजने आणलेला, शीतयुद्धातल्या नौदलांचा गेम. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच, खेळायला आला. आणि क्रिवाक म्हणजे सोव्हिएत नौदलाची प्रकल्प ११३५ ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. पहिली नौका ‘ब्दितेल्नी’, कॅलिनिनग्राडच्या यांतार गोदीत बांधलेली, १९७०च्या डिसेंबरअखेर नौदलात आली. गेममध्ये ती खरोखर कामाची आहे. मला आवडते. म्हणूनच तिच्या नावावर खपवलेल्या या थापा जास्त झोंबल्या.

पहिलाच मुद्दा सगळ्यांत भयंकर आहे. ‘चार एसएस-एन-१४ क्षेपणास्त्रं. सगळी रडारं ऑन करा, फुल स्पीडने अमेरिकन कॅरियर ग्रुपवर चाल करा, चारही एकदम सोडा. कॅरियर खल्लास.’

अरे बाबांनो, ते क्षेपणास्त्र जहाजं बुडवायला बनवलेलंच नाही. त्याच्या पोटाखाली पाणबुडीविरोधी टॉर्पेडो लटकवलेला असतो. क्षेपणास्त्र हवेतून जायचं, ठरलेल्या जागी टॉर्पेडो सोडायचा, तो पॅराशूटने पाण्यात उतरायचा आणि खाली पाणबुडी शोधायला लागायचा. सोव्हिएत नाव ‘मेतेल’, पल्ला साधारण ५० किलोमीटर. हे माझं मत नाही. खुद्द सोव्हिएत नौदलाने ही नौका आधी ‘मोठं पाणबुडीविरोधी जहाज’ या वर्गात घातली होती आणि १९७७ साली तिथून उतरवून ‘पहाऱ्याचं जहाज’ या वर्गात नेली. बांधणारे आणि वापरणारे स्वतः सांगताहेत की हिचं गिऱ्हाईक पाण्याखाली आहे, आणि आपला मेसेजवीर तिला निमित्झसारख्या अमेरिकन विमानवाहू नौकेवर (कॅरियरवर) सोडतोय!

आता मन मारून एक गोष्ट मान्य करतो. हा गैरसमज मेसेजवाल्याने घरी बसून तयार केलेला नाही. १९७०च्या दशकात नाटोचे विश्लेषकही याच खड्ड्यात पडले होते. नाकावर एवढं मोठं चार नळ्यांचं खोकं दिसतंय म्हणजे जहाजविरोधी क्षेपणास्त्रच असणार, असं धरून त्यांनी त्याला एसएस-एन-१० असा क्रमांकही देऊन टाकला होता. खरा प्रकार कळल्यावर क्षेपणास्त्राची नोंद एसएस-एन-१४ अशी झाली. शिवाय नंतरच्या ‘रास्त्रुब’ आवृत्तीत जहाजावर मारा करायची सोय खरंच दिली गेली, १८५ किलोंच्या स्फोटकाग्रासह. म्हणजे मुद्द्यात पाव हिस्सा तथ्य आहे. एखादी फ्रिगेट किंवा मालवाहू जहाज जवळ सापडलं तर रास्त्रुब त्याला चांगला दणका देईल. पण निमित्झ वर्गाची नौका ९० हजार टनांच्या वरची असते, आणि तुमच्याकडे चारच नळ्या आहेत. त्या रिकाम्या झाल्या की समुद्रात पुन्हा भरता येत नाहीत.

आणि तुम्ही तिथवर पोहोचणार कसे? पल्ला ५० किलोमीटर. समोरच्या ताफ्याकडची हार्पून ही जहाजविरोधी क्षेपणास्त्रं १२० किलोमीटरवरून सुटू शकतात. मधलं अंतर ७० किलोमीटर. क्रिवाकचा सर्वाधिक वेग ३२ नॉट, म्हणजे ताशी ५९ किलोमीटर. कॅरियर नांगर टाकून तुमची वाट बघत बसली आहे असं धरलं तरी तासाभराहून जास्त वेळ तुम्ही त्यांच्या माऱ्यात आणि ते तुमच्या पल्ल्याबाहेर. कॅरियर काही नांगर टाकून बसत नाही, तीही ३० नॉटच्या वर पळते. शिवाय ही सगळी गणितं जहाजावरच्या हार्पूनची झाली. कॅरियरवरून उडणारं इंट्रूडर विमान तेच हार्पून आणखी शेकडो किलोमीटर पुढे आणून सोडतं.

त्यावर कळस म्हणजे ‘सगळी रडारं ऑन करा’. रडारची लहर जाऊन, आपटून, परत येते तेव्हा तुम्हाला समोरचा दिसतो. पण नुसतं ऐकणाऱ्याला परतीच्या प्रवासाची गरजच नसते. म्हणून रडार लावणारा स्वतः काही बघण्याआधीच दुसऱ्याच्या ईएसएमवर, म्हणजे रडारच्या लहरी ऐकणाऱ्या यंत्रावर, उमटतो. वर एखादं टेहळणीचं हॉकआय विमान घिरट्या घालत असेल तर बोलायलाच नको. भाच्याने त्याच्या खेळाचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, त्यात हे लख्ख दिसतं. मिशन सुरू होताच साहेबांनी सगळे स्विच ऑन केले, वेगाचा काटा शेवटाला नेला आणि टाइम कॉम्प्रेशन वाढवलं, म्हणजे गेमचं घड्याळ पळवलं. पुढची बरीच मिनिटं पडद्यावर शत्रूचं एकही जहाज नाही. मग दोन दिशांनी हार्पून येतात, विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा पुढचा ओसा लाँचर डेकमधून वर येतो, त्यातून क्षेपणास्त्रं सुटतात, आणि संपलं. कॅरियर त्याला शेवटपर्यंत दिसली नाही. हा बग नाही. गेमने प्रामाणिकपणे जे व्हायला हवं तेच दाखवलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण सरळ आहे आणि पोरगाही शिकतोय. वाकडा आहे तो नाच शिकवणारा.

दुसरा मुद्दा : ‘४० ओसा क्षेपणास्त्रं, म्हणजे ४० विमानं पाडणार.’ साठा ४०चा आहे, ते बरोबर. पण पाडायला नुसता साठा पुरत नाही, डोळे लागतात. क्रिवाकवर ओसा-एमचे दोन लाँचर आहेत, एक पुढे, एक मागे, आणि प्रत्येकामागे मार्गदर्शन करणारं एकच रडार. एक रडार एका वेळी एकच लक्ष्य हाताळतं. म्हणजे संपूर्ण जहाजाची एका वेळची ताकद दोन लक्ष्यं, तीही हल्ला अशा बाजूने आला की दोन्ही रडारांना दिसेल तरच. पल्ला १० किलोमीटरच्या आसपास. हार्पून हे अंतर जेमतेम ३५ सेकंदांत कापतं, आणि येतं पाण्याला चिकटून, जिथे जुन्या ओसाला आधीच अडचण होती. शेवटच्या क्षणी फवारा मारणारी एके-६३० तोफ क्रिवाकच्या एक आणि दोन या आवृत्त्यांवर नाहीच. चार हार्पून एकदम आली तर तुम्हीच हिशोब करा.

इथे कुणी ‘स्तोरोझेवोय’चा दाखला देईल. १९७५च्या नोव्हेंबरात वालेरी साब्लिन या अधिकाऱ्याने बाल्टिकमध्ये बंड करून ही क्रिवाक पळवली होती आणि सोव्हिएत विमानांनीच बॉम्ब टाकून तिला थांबवलं. माझ्या बाजूचा पुरावा म्हणून तो सोयीचा आहे, पण मी वापरणार नाही. त्या दिवशी जहाजाने विमानांवर उलटा मारा केलाच नव्हता.

तिसरा मुद्दा वाचून मात्र हसू आवरलं नाही : ‘याच ओसा क्षेपणास्त्रांनी १९७१ साली कराची जाळली.’ कराचीवर गेल्या त्या ओसा वर्गाच्या क्षेपणास्त्र नौका. त्यांनी डागलं ते पी-१५, म्हणजे स्टिक्स. क्रिवाकवरची ओसा-एम विमानविरोधी प्रणाली ही सर्वस्वी निराळी वस्तू, फक्त नावसाधर्म्य. भारतीय नौदलाच्या इतिहासातली इतकी गाजलेली मोहीम, त्यात तरी घोळ घालू नका.

‘३२ नॉट वेग, कुणाला सापडणार नाही.’ वेग खरा आहे, गॅस टर्बाइनमुळे तो पटकन मिळतोही. पण क्षेपणास्त्रापुढे ३२ आणि १२ नॉटमध्ये काडीचा फरक नाही. उलट त्या वेगात स्वतःच्याच आवाजाने सोनार, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपून पाणबुडी शोधणारं यंत्र, बहिरा होतो, म्हणजे जे एक काम उत्तम जमतं तेही गेलं.

‘अमेरिकन क्रूझरला चिरडलं.’ १२ फेब्रुवारी १९८८, काळा समुद्र. ‘बेझाव्हेत्नी’ या क्रिवाकने ‘यॉर्कटाउन’ला मुद्दाम घासून धक्का दिला, ही घटना खरी. चिरडलं वगैरे काही नाही, यॉर्कटाउन स्वतःच्या इंजिनांवर निघून गेली. त्यात क्षेपणास्त्रांचा, रडारचा, नेमबाजीचा संबंध शून्य. हिंमत होती, कबूल. गेममध्ये त्या हिमतीचे गुण मिळत नाहीत.

आता तो एसएसबीवाला मुद्दा : ‘क्रिवाक म्हणजेच आपली आयएनएस तलवार, फक्त नाव बदललंय.’ वंश एक आहे, हे नाकारत नाही. क्रिवाक तीनच्या आराखड्यावरून प्रकल्प ११३५६ निघाला, त्यातून २००३ साली तलवार आली, आणि थेट डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिनिनग्राडला ताफ्यात दाखल झालेली ‘तुशिल’ही त्याच घराण्यातली. पण मुंबईत नौदलाच्या गोदीत उभी असलेली तलवार नीट बघा. पुढे १०० मिलिमीटरची तोफ, उभ्या नळ्यांमधून सुटणारं क्लब हे खरंखुरं जहाजविरोधी क्षेपणास्त्र, ओसाच्या जागी लांब पल्ल्याचं श्टिल, जवळच्या संरक्षणाला काश्तान, मागे हेलिकॉप्टरचा डेक. सोव्हिएत क्रिवाक एक आणि दोनवर यातलं काहीच नाही. त्यांच्या दोन्ही तोफा मागे आहेत, समोर थेट गोळा टाकायची सोयच नाही. नाटोच्या खलाशांनी तर ओळखीसाठी ठेकाच बनवला होता : पुढे खोकं, मध्ये धुरांडं, मागे तोफा. भाच्याला म्हटलं, बाबा रे, पॅनेलवर तलवारवर काढलेली वर्षं अजून अंगात असलेला एखादा अधिकारी बसलेला असला, तर पुढचा प्रश्न काय येईल याचा विचार कर.

‘सोनार इतका भारी की कोणतीही पाणबुडी लपू शकत नाही’ हा सातवा मुद्दा अतिशयोक्त आहे, पण सगळ्या मेसेजात सत्याच्या सर्वांत जवळ हाच, आणि नेमका हाच एका ओळीत गुंडाळलाय. क्रिवाकचा खरा जीव इथे आहे. तळाशी टायटन-२ सोनार, आणि मागून पाण्यात सोडायचा ‘वेगा’. समुद्रात तापमानाचा थर असतो, पाणबुडी त्याच्याखाली दडते आणि वरच्या सोनारचा आवाज त्या थरावरून वळतो. वेगा त्या थराखाली उतरवता येतो. सी पॉवरमध्ये वेग १०-१२ नॉटवर आणा, रडार बंद ठेवा, वेगा खाली सोडा आणि धीर धरा. क्रिवाक एक किंवा दोनवर हेलिकॉप्टर नाही, आणि ५० किलोमीटरपर्यंत मारणाऱ्या शस्त्राला तेवढं लांबचं ऐकणारे कान जहाजापाशी नाहीत. ही तिची सगळ्यांत मोठी उणीव. म्हणून तिला एकटी पाठवू नका, सोबत कारा वर्गाची नौका द्या. कारावरचं केए-२५ हेलिकॉप्टर पुढे जाऊन सोनोबॉय, म्हणजे पाण्यात तरंगत ऐकणारी यंत्रं, टाकेल, पाणबुडीची जागा नकाशावर येईल, आणि मग मेतेल सोडा. ४० किलोमीटरचं अंतर ते सुमारे २ मिनिटांत जातं. पाणबुडीच्या कप्तानाला पहिली खबर लागते ती थेट डोक्यावर टॉर्पेडो पाण्यात पडल्याची. ‘कोल्ड वॉटर्स’ खेळलेल्यांना विचारा. तिथे आपण पाणबुडीत असतो आणि क्रिवाक वर. तो आवाज ऐकून हात गार पडतात. पाणबुडी फारच जवळ आली तर आरबीयू-६००० ही पाणबुडीविरोधी रॉकेटं आणि ५३३ मिलिमीटरच्या आठ टॉर्पेडो नळ्या आहेतच.

भाच्याने या पद्धतीने एक मिशन खेळून पाहिलं. स्टर्जन वर्गाची पाणबुडी बुडवली, आणि मग स्वतःच रडार चालू करून हार्पून खाल्लं. प्रगती आहे.

आठवा मुद्दा, ‘अमेरिकेला आजही धास्ती’, याला उत्तर देत बसत नाही.

मेसेजसोबतच्या फोटोबद्दल मात्र सांगायलाच हवं. ‘सोव्हिएत क्रिवाक, चार एसएस-एन-१४ सह सज्ज’ अशी ओळ आहे खाली. फोटोतल्या जहाजाच्या नाकावर खोकं नाही, तोफ आहे. मागे हेलिकॉप्टरचा डेक, आणि झेंडा निळा-पिवळा. ही ‘हेतमान साहायदाच्नी’, केजीबीच्या सीमारक्षकांसाठी बांधायला घेतलेली क्रिवाक तीन, जी १९९३ साली युक्रेनच्या नौदलात गेली आणि २०२२ साली शत्रूच्या हाती लागू नये म्हणून मिकोलाइव्हला युक्रेनियनांनी स्वतःच बुडवली. क्रिवाक तीनवर एसएस-एन-१४ कधी बसवलंच नव्हतं.