हळदीकुंकू उरकून परत आलेली काळी साडी

मी घरून ऑनलाइन साड्या विकते. शुक्रवारी दुपारी परत आलेल्या पाकिटातली साडी उलगडली, तेव्हा तिच्या घडीतून संक्रांतीच्या काटेरी हलव्याचा एक दाणा जेवणाच्या टेबलावर पडला. तेव्हापासून माझे डोके जे तापले आहे, ते आज रविवारी रात्री हिशोबाची वही मिटली तरी शांत होत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

साडी काळी, चंदेरी बुट्ट्यांची, चार बोटे जरीकाठाची. ऑर्डर ८ जानेवारीला आली, साडी १२ तारखेला पोहोचली, संक्रांत १४ला झाली आणि १६ला सकाळी परतीची विनंती आली. कारणाच्या रकान्यात ‘वर्णनाप्रमाणे नाही’ असे निवडलेले होते. मी ती साडी ट्यूबलाइटखाली पसरून वीत-वीत तपासली. पदराचा जो भाग डाव्या खांद्यावर येतो, तिथे सेफ्टी पिनची चार भोके होती आणि त्यांतल्या एकापासून धागा ओढला जाऊन बोटभर रेघ पडली होती. खालच्या काठाच्या आतल्या अंगाला फॉल लावून तो पुन्हा उसवल्याची टाक्यांची रांग स्वच्छ दिसत होती आणि दोन ठिकाणी दोऱ्याची टोके तशीच राहिली होती. जरीवर हळदीचे बोट उमटलेले होते. पण सगळ्यात जास्त चीड आणली ती टॅगने. मी टॅग प्लास्टिकच्या फासाने अडकवते. परत आलेला टॅग पांढऱ्या दोऱ्याने, दोन गाठी मारून, व्यवस्थित बांधलेला होता.

फॉल कोणी चुकून लावत नाही. त्यासाठी साडीच्या रंगाचा फॉल आणावा लागतो, तो भिजवून वाळवावा लागतो, मग तासभर मान खाली घालून टाके घालावे लागतात, आणि तो उसवताना साडीचे कापड फाटू नये म्हणून तेवढाच जीव ओतावा लागतो. जिने हे सगळे केले, तिला शिवणाची जाण आहे आणि कापडाची कदरही आहे, आणि ही साडी परत पाठवायची हे तिने ऑर्डर देतानाच ठरवलेले होते. सणापुरती साडी हवी असेल तर बहिणीकडून, जावेकडून, शेजारणीकडून मागून नेसायची पद्धत आपल्या घरोघरी आहे, त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही, आणि मागून नेलेली साडी आपण धुऊन, इस्त्री करून, वर चार तिळाचे लाडू ठेवून परत करतो. माझी साडी मात्र न विचारता नेसली गेली, डागासकट परत आली आणि वर माझ्या मालावर खोटा ठपका ठेवून आली.

ज्या ऑनलाइन बाजारावरून मी विकते, त्याच्याकडे परत आलेल्या मालाबद्दल दावा करायचा तर पाकीट फोडतानाचा अखंड व्हिडिओ लागतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकीला पाठ आहे. दुपारी घरात दुसरे कोणी नसते, त्यामुळे मी तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा करते, एका हाताने पाकीट धरते, दुसऱ्या हाताने कात्री चालवते आणि पाकिटाच्या सगळ्या बाजू कॅमेऱ्यासमोर फिरवते. शुक्रवारीही तसेच केले. ३ मिनिटे ४० सेकंदांचा व्हिडिओ आणि भोकांचे, टाक्यांचे, डागाचे, टॅगचे मिळून नऊ फोटो पाठवले. आज संध्याकाळी उत्तर आले की व्हिडिओमध्ये लेबल सलग दिसत नसल्यामुळे दावा अमान्य करण्यात येत आहे. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. पाकिटाची मागची बाजू दाखवताना लेबल दोन सेकंद नजरेआड गेले आहे, कारण पाकीट उलटे केल्यावर वरची बाजू खाली जाणारच. त्या दोन सेकंदांसाठी चार भोके, एक रेघ, हळदीचा डाग आणि उसवलेला फॉल हे सगळे नसल्यात जमा झाले.

त्यानंतर मदतकेंद्राला फोन लावून मी पलीकडच्या मुलावर जोरात ओरडले. आवाजावरून तो वीस-बावीस वर्षांचा असावा. त्याच्यासमोरच्या पडद्यावर जे लिहिले होते तेच तो वाचत होता, आणि मी चढत गेले तरी तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘मॅडम’ म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटले आणि अजूनही वाटते आहे. राग ज्याच्यावर काढायचा तो कधी फोनवर येत नाही, आणि जो येतो त्याच्या हातात काही नसते.

सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, असे २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम सांगतात, आणि ते योग्यच आहे. मीसुद्धा ऑनलाइन खरेदी करते आणि मीही फसवली गेले आहे. त्या नियमाशी माझे काहीच भांडण नाही. माझे भांडण आहे ते ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या ओळीवर बोट ठेवण्याच्या सोयीशी. ते बोट ठेवणारीला वर्णनातले काय चुकले हे एका शब्दानेही सांगावे लागत नाही, आणि ते खोटे आहे हे दाखवायला मला मात्र तांदळाच्या डब्याशी झटापट करावी लागते.

आता पैशांचे सांगते, कारण पैशांबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही आणि तिथेच आपली गोची होते. ही साडी मला सुरतेच्या रिंग रोडवरच्या बाजारातून ६४० रुपयांना पडली. विक्रीची किंमत १,०९९. कमिशन, पाठवणी, त्यावरचा १८ टक्के जीएसटी, कापून घेतलेला कर आणि १४ रुपयांचे पॅकिंग वजा जाता अशा साडीमागे माझ्या हाती सरासरी १५५ रुपये राहतात. साडी परत आली की ते १५५ तर जातातच, शिवाय परतीच्या प्रवासाचे १६५ रुपये आणि त्यावरचा जीएसटी मिळून १९४ रुपये ७० पैसे माझ्याच खात्यातून कापले जातात. साडी चांगल्या स्थितीत आली असती तर ती पुन्हा विकता आली असती. ही विकता येणार नाही. म्हणजे ६४०, १४ आणि १९४.७० मिळून ८४८ रुपये ७० पैसे बुडाले. पाच साड्या विकून हा खड्डा भरत नाही, सहावी विकावी लागते, आणि या सहा साड्यांची घडी, लेबल, चिकटपट्टी आणि पिकअपची वाट पाहणे हे सगळे फुकटात होते.

आठवड्याचा हिशोब मी ऑर्डरच्या तारखेने, सोमवार ते रविवार असा धरते आणि दोन आठवडे थांबून मगच तो बंद करते. याआधी मी सगळ्यांसारखीच त्या ऑनलाइन बाजाराच्या पडद्यावरचा आकडा बघून खूश होत होते. पण पडद्यावरची ‘या आठवड्याची विक्री’ म्हणजे केवळ आलेल्या ऑर्डरी. बँकेत जमा होणारी रक्कम त्याआधी पोहोचलेल्या मालाची. आणि त्यातून होणारी परतीची कपात त्याच्याही आधीच्या आठवड्यातली. तीन वेगवेगळ्या आठवड्यांचे आकडे एकाच ओळीत येऊन बसतात, आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करत बसलेल्या बाईला आपण कमावतो आहोत की बुडतो आहोत हेच कळत नाही. म्हणून मी वही घातली. उभ्या रकान्यांत ऑर्डर क्रमांक, खरेदी, विक्री, कपात, जमा आणि परत. पोहोचून टिकलेल्या साडीपुढे हिरवी खूण, दारातून फिरलेल्या साडीपुढे निळी आणि नेसून परत आलेल्या साडीपुढे लाल.

आज जो आठवडा बंद केला तो ५ ते ११ जानेवारीचा, म्हणजे काळ्या साड्यांचा सगळ्यात मोठा आठवडा. ऑर्डरी ३१, आणि पडद्यावर ३३,४८० रुपये, शेजारी वर जाणारा हिरवा बाण. त्यातल्या ४ साड्या पैसे द्यायच्या वेळी दार न उघडल्यामुळे परत फिरल्या आणि दर साडीमागे जाण्या-येण्याचे मिळून १४० रुपये मला पडले. पोहोचलेल्या २७ पैकी ३ परत आल्या. त्यांतल्या एकीत चूक माझी होती, मी मोरपंखीऐवजी बाटलीहिरवी पाठवली होती, आणि ते मी मान्य केले. दुसरीचा काठ खरोखरच एका जागी सुटलेला होता. उरलेल्या २४ साड्यांचे ३,७२० रुपये, त्यातून दारातून फिरलेल्या चार साड्यांचे ५६० आणि त्या दोन रास्त परतींचे ३८९ रुपये ४० पैसे गेले, तेव्हा २,७७० रुपये ६० पैसे राहिले. मग ही काळी साडी आली आणि १,९२१ रुपये ९० पैशांवर आठवडा बंद झाला. एका बाईने एका संध्याकाळसाठी माझ्या कमाईचा जवळजवळ तिसरा हिस्सा नेला.

आणि हे पहिल्यांदा होत नाही. नवरात्रात हेच असते. वाराप्रमाणे रंग ठरलेले, शनिवार आला की राखाडी, आणि राखाडी साडी एरवी कोणी हातात धरत नाही, त्यामुळे त्या शनिवारसाठी मागवायची, ऑफिसात फोटो काढायचे आणि सोमवारी परत पाठवायची. दोन वर्षांपूर्वी अशा तीन राखाडी साड्या माझ्या गळ्यात पडल्या आणि त्या अजून कपाटाच्या वरच्या खणात आहेत. त्यांच्या शेजारी शेवाळी रंगाच्या पाच साड्या आहेत, कारण सुरतेचा व्यापारी संपूर्ण सेट घेतल्याशिवाय माल देत नाही आणि प्रत्येक सेटमध्ये एक असा रंग असतोच, जो तुम्हीही घेत नाही आणि तुमची गिऱ्हाइकेही घेत नाहीत.

कुरिअरचे वजन हा आणखी एक छळ. ते काट्यावर नाही, पाकिटाच्या आकारावरून धरतात. ३८ गुणिले ३० गुणिले ३ सेंटिमीटरचे पाकीट, भागिले ५,०००, म्हणजे ६८४ ग्रॅम, हे मी पट्टी लावून, फोटो काढून पाठवते. त्यांच्या गोदामात तेच पाकीट कुठेतरी दबते, फुगते, त्याची जाडी ६ सेंटिमीटर नोंदली जाते, वजन १,३६८ ग्रॅम होते आणि १ किलोच्या दराऐवजी दीड किलोचा दर लागतो. साडीचे वजन वाटेत दुप्पट होत नाही एवढी साधी गोष्ट कोणालातरी समजावून सांगावी लागते, याचाच मला संताप येतो.

फोनवरच्या ग्रुपमधली विक्री यापेक्षा बरी, असे मला वाटायचे. तिथे कमिशन नाही हे खरे, पण तिथे रात्री अकराला ‘आहे का?’ असा निरोप येतो, आपण पंधरा फोटो आणि पदराचा व्हिडिओ पाठवतो, ‘माझ्यासाठी राखून ठेवा’ असे उत्तर येते, आपण ती साडी दुसरीला नाही म्हणतो, आणि पाच दिवसांनी विचारले तर निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. नात्यातल्या बायका तर ‘आम्हाला खरेदीच्या भावात दे’ असे हक्काने म्हणतात. सुरतेची रात्रीची बस, तिथल्या चार मजल्यांची चढ-उतार, पाठीवरून आणलेले गाठोडे हे खरेदीच्या भावात कुठे मोजलेले असते?

आणि ‘घरबसल्या’ हा शब्द मला ऐकवत नाही. घरबसल्या कमवा, घरबसल्या धंदा, घरबसल्या वेळ जातो. मी सकाळी साडेपाचला उठून डब्यांच्या आधी लेबले काढते. दिवाणखान्याचा अर्धा भाग साड्यांच्या गठ्ठ्यांनी अडला आहे, पाहुणे आले की ते गठ्ठे पलंगाखाली ढकलावे लागतात, आणि जीएसटीचे विवरणपत्र दुकानदाराइतकेच मलाही भरावे लागते. महाराष्ट्रात राहून फक्त माल विकणाऱ्या दुकानदाराला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विकणाऱ्या लहान विक्रेत्यांनाही ही सवलत मिळाली. पण बेळगावच्या किंवा इंदूरच्या बाईला माझ्या घरून एक साडी पाठवायची म्हटली की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. माझ्या निम्म्या ऑर्डरी परराज्यातल्या मराठी घरांतल्या आहेत, त्यांना मी नाही कसे म्हणू?

घरच्यांचे म्हणणे आहे की एका साडीसाठी इतका जीव जाळू नको, धुऊन घे आणि घरात नेसायला काढ. मी ती धुणार नाही. धुतली की हळदीचा डाग फिका होईल, आणि तो डाग माझा पुरावा आहे. साडी, टॅग, त्याचा पांढरा दोरा आणि तो हलव्याचा दाणा असे सगळे मी एका पारदर्शक पिशवीत घालून कपाटाला कुलूप लावले आहे. उद्या सकाळी दावा पुन्हा टाकणार आहे आणि यावेळी फॉलच्या टाक्यांचा फोटो पट्टी शेजारी ठेवून काढणार आहे, म्हणजे टाक्यांमधले समान अंतर कोणालाही मोजता येईल. तोही नाकारला तर तिसऱ्यांदा टाकेन.

आज रथसप्तमी, हळदीकुंकवांचा शेवटचा दिवस. माझ्या आणखी अकरा काळ्या साड्या बाहेर आहेत आणि त्यांची परतीची मुदत अजून संपलेली नाही. फोन उभा करण्यासाठी आज दुपारी बाजारातून २८० रुपयांचा स्टँड आणला आहे. तो खर्च वहीत कोणत्या रकान्यात लिहायचा हे अजून ठरलेले नाही.