बेंझॉयलेशनमध्ये कॉस्टिक नेमका काय करतो?

प्रॅक्टिकल जवळ आलं की बी.एस्सी.च्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर बेंझॅनिलाइडची (ॲनिलिन या ॲमाइनवर बेंझॉइल क्लोराइडने बेंझॉइल गट बसवला, म्हणजे बेंझॉयलेशन केलं, की मिळणारा अमाइड) एक नोट फिरू लागते. तिचं म्हणणं असं: सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक, आधी ॲनिलिनचा प्रोटॉन काढतो आणि मग तो ॲनायन बेंझॉइल क्लोराइडवर हल्ला करतो, पाणी असलं तर ॲसिड क्लोराइड वाया जातं, म्हणून सगळं कोरडं हवं, आणि ॲल्युमिनियम क्लोराइड घातलं की बेंझॉइल गट थेट रिंगवर, पॅराला (नायट्रोजनच्या बरोबर समोर) बसतो. व्हायवाला हे बोललात तर मार्क गेलेच म्हणून समजा.

पहिला मुद्दा मुळातच चूक. पाण्याच्या द्रावणात ॲनिलिनचा एन-एच पाण्यापेक्षा कितीतरी कमी आम्लधर्मी. हायड्रॉक्साइड तो प्रोटॉन काढणार कसा? शिवाय नोट खरी असती, तर ज्याचा एन-एच जास्त आम्लधर्मी तो पॅरा-नायट्रोॲनिलिन भराभर बेंझॉयलेट झाला असता. घडतं उलटंच: तो रेंगाळतो, कारण नायट्रो गट नायट्रोजनची लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी) रिंगकडे ओढून घेतो, आणि कार्बोनिल कार्बनवर हल्ला करायचा असतो तो याच लोन पेअरने. पॅरा-टोल्युइडिन मात्र ॲनिलिनच्याही पुढे, कारण त्याचा मिथाइल गट इलेक्ट्रॉन पुढे ढकलतो. हल्ला झाला, क्लोराइड गेलं, नायट्रोजनवरचा जादा प्रोटॉन सुटला, की कॉस्टिकचं काम सुरू. तो एचसीएल मारतो. बेस नसेल तर तेच एचसीएल उरलेल्या ॲनिलिनला धरतं, त्याचा हायड्रोक्लोराइड होतो, तो हल्ला करू शकत नाही, आणि यील्ड ५० टक्क्यांपुढे सरकत नाही.

पाण्याचं म्हणाल, तर शोटेनने १८८४ मध्ये आणि बाउमानने १८८६ मध्ये दिलेली ही पद्धत पाण्यातलीच आहे. बेंझॉइल क्लोराइड पाण्यात विरघळत नाही, तळाला बसतं आणि सावकाश हायड्रोलाइज होतं (पाण्याने तुटतं). ॲमाइन त्याला त्याआधीच गाठतं. म्हणून तर १० टक्के कॉस्टिक घेऊन, बूच घट्ट लावून, बाटली दहा-पंधरा मिनिटं दणकून हलवायची, डोळ्यांत पाणी आणणारा तो वास जाईपर्यंत. (मधूनमधून बूच सैल करा.) शेवटी लिटमस लावायला विसरू नका. द्रावण अल्कलाइन असेल तर थोडंफार झालेलं बेंझोइक ॲसिड सोडियम बेंझोएट होऊन फिल्ट्रेटबरोबर निघून जातं. नाही तर ते प्रॉडक्टमध्येच राहतं, आणि १६३ अंशांचा मेल्टिंग पॉइंट खाली घसरतो. नोटेला एवढं मात्र द्यायला हवं, की ॲसिटिल क्लोराइड पाण्याशी खरंच भडकतं. पाण्यात ॲसिटायलेशन करायचं तर ॲसिटिक ॲनहायड्राइड बरं.

तिसऱ्यावर फार बोलण्यासारखं नाही. ॲल्युमिनियम क्लोराइड लुईस ॲसिड आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी घेणारं; ते आधी ॲमाइनचीच लोन पेअर पकडतं. नायट्रोजनवर धन भार येतो, रिंग थंडावते, फ्रीडेल-क्राफ्ट्स (रिंगवर ॲसिल गट बसवायची रिॲक्शन) फसते. रिंगवरच गट हवा असेल तर आधी ॲसिटॅनिलाइड करा, पॅराला ॲसिल बसवा, आणि मग अमाइड हायड्रोलाइज करून ॲमाइन मोकळं करा.