मी एक शुभेच्छुक

चौकात माझा फोटो लागलाय, ही बातमी मला आमच्या भांडीवाल्या मावशींनी दिली. "वैनी, तुम्ही भाऊंच्या पक्षात गेलात व्हय? बोलला नाही ते," असं त्या जरा रुसूनच म्हणाल्या. चहा तसाच ठेवून मी चौकात गेले. दहा बाय वीसचा फ्लेक्स, विजेच्या दोन खांबांना सुतळीने आवळलेला. डावीकडे भाऊ, पांढरेशुभ्र कपडे, गॉगल, हात जोडलेले आणि मागे डरकाळी फोडणारा सिंह. 'जनतेच्या मनातील नगरसेवक' यांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा. त्याखाली शुभेच्छुकांच्या दोन ओळी आणि वरच्या ओळीत, बरोबर मधोमध, मी.

'सौ. मिनलताई (महिला आघाडी)'. नावातली वेलांटी ह्रस्व. 'ताई' फुकट. फोटो गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवातला. भाऊंच्या सौभाग्यवतींनी मैदानावर मांडव घातला होता, आमच्या सोसायटीतल्या सगळ्याच गेलो होतो आणि वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता. त्या डब्यावरचा भाऊंचा स्टिकर खोबरेल, गरम पाणी, ब्लेड, कशाकशाने निघालेला नाही. आमच्या साबुदाण्याला ते अजून हात जोडून उभे आहेत. तर त्या कार्यक्रमात कुणीतरी टिपलेला हा फोटो. तोंडात तिळाचा लाडू, त्यामुळे एक गाल टम्म फुगलेला, डोळे अर्धे मिटलेले आणि उजव्या खांद्यावर चार बोटं. ती चौथ्या मजल्यावरच्या वहिनींची. फोटोत त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. कापताना वहिनी गेल्या, बोटं राहिली.

'जनतेच्या मनातील' ही काय भानगड आहे ते बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली. मग आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात अडकली, महापालिकेवर प्रशासक बसले आणि निवडणूक काही लागेना. तेवढा सगळा काळ भाऊ 'भावी नगरसेवक' होते. दिवाळीला भावी, शिवजयंतीला भावी, दहीहंडीला भावी. आमच्या बिल्डिंगमधलं एक पोर बालवाडीतून पहिलीत गेलं, ते जोडाक्षरं वाचायला त्याच फ्लेक्सवर शिकलं. अखेर १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान एकदाचं झालं आणि भाऊ पडले. चांगले सणसणीत पडले. 'भावी' काढणं भाग होतं, 'माजी' लावायला आधी व्हावं लागतं, म्हणून आता 'जनतेच्या मनातील'. जनतेच्या मनात कोण आहे, ते मतदानयंत्राला कळत नाही, फ्लेक्सवाल्याला कळतं.

बरं, लोकांनी मला हसावं तर तेही नाही. मला त्या दिवशीपासून मान मिळू लागला. भाजीवाला, जो वीस वर्षांत कढीपत्त्याची काडी फुकट देत नव्हता, त्याने न मागता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली. सोसायटीचे चेअरमन लिफ्टमध्ये 'मीनलताई' म्हणाले (आजवर मी 'बी-तीनशे दोन' होते) आणि टँकरचं जरा भाऊंच्या कानावर घालता का, असं विचारते झाले. मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवते. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर माझ्या तासाला झोपला, तो आता उठून उभा राहतो. पैसे मोजल्याशिवाय ख्याती वहीत घेता येत नाही, हा नियम मी बारावीला दरवर्षी फळ्यावर लिहिते. माझी ख्याती भाऊंनी एक पैसा न मोजता चौकात मांडली, तिची नोंद कुठल्या खात्यात करायची?

फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचा मोबाइल नंबर होता. तेवढीच एक गोष्ट त्यावर बिनचूक होती. मी दुकान शोधत गेले.

दुकान म्हणजे एक शटर. आत भिंतीएवढं मशीन, डोक्यात जाणारा शाईचा वास आणि कॉम्प्युटरसमोर एक पोरगा, एका हातात वडापाव, दुसऱ्या हातात माउस. मशीनमधून कुणाचं तरी कपाळ सावकाश बाहेर येत होतं.

"चौकातल्या बॅनरवर माझा फोटो आहे," मी म्हटलं.

"कुठली ओळ?" त्याने मान न वळवता विचारलं.

"वरची."

आता त्याने मान वळवली. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग उजव्या खांद्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "बोटंवाल्या मॅडम!"

"ती बोटं माझी नाहीत."

"माहितीये ना. पण बोटं काढली की खांदा जातो, मॅडम. मी ट्राय केला. खांदा गेला की मान लांब दिसते."

मला न विचारता फोटो लावलाच कसा, असं मी माझ्या वर्गातल्या आवाजात विचारलं. तो मुळीच दबला नाही. "मी कुठं लावला? मी फक्त बसवला. लावणारी पोरं वेगळी." मग त्याने खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि धंदा समजावून सांगितला. भाऊंकडून शुभेच्छुकांची यादी आली, तीत सगळे जेंट्स. भाऊ म्हणाले, लेडीज वाढव, निम्म्या जागा लेडीजना असतात, खालची ओळ बघून वरच्यांना कळलं पाहिजे की आपल्याकडे लेडीज आहेत. "मग काय, 'लेडीज मिक्स' उघडलं."

'लेडीज मिक्स' हे एका फोल्डरचं नाव होतं. त्याने ते उघडून दाखवलं. आमचा अख्खा प्रभाग त्यात होता. डेअरीवाल्या काकू, योगाच्या मॅडम, आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली नववधू, जिला येऊन महिनासुद्धा झाला नसेल. माझे तर बरेच होते. बोटाची शाई दाखवताना. वृक्षारोपणाच्या खड्ड्यावर वाकलेली. ("ह्यात तोंड येत नाही, म्हणून रिजेक्ट.") आणि एक निळ्या साडीतला, खरोखर चांगला आलेला. इतकी चिडलेली असूनही माझ्या तोंडून निघून गेलं, "मग हा का नाही घेतला?"

"ह्यात तुम्ही भाऊंपेक्षा उजळ दिसता. चालत नाही."

"आणि मला मधोमध का ठेवलंय?"

तो थोडा अवघडला. "राग मानू नका, मॅडम. फिलर. मधे कुणाला ठेवला की बाकीचे भांडतात, हा का मधे, मी का कडेला. तुमच्यावरून कोण भांडणार?"

एवढं म्हणून त्याने वडापावचा शेवटचा घास घेतला. मी तशीच उभी. बाहेर येणारं कपाळ एव्हाना भुवयांपर्यंत आलं होतं.

मग त्याला गप्पांचा मूड आला. बॅनरचं शास्त्र त्याने मला शिकवलं. वरच्या कोपऱ्यात दिल्ली, त्याखाली मुंबई, मग जिल्हा. दिल्लीचं डोकं भाऊंच्या डोक्यापेक्षा लहान चालतं, पण वर पाहिजे. मुंबईचं डोकं जिल्ह्यापेक्षा लहान झालं तर रात्री फोन येतो. "पहिलं लई सोपं होतं. एका पक्षाला एक फाइल. २०२२ ला शिवसेनेच्या दोन झाल्या, २०२३ ला राष्ट्रवादीच्या दोन. मेलेल्यांचे फोटो दोघांनाबी पाहिजेत, जिवंतांचे बघून टाकायला लागतात. एकदा झोपेत दोन्हीकडचे साहेब एकाच बॅनरवर टाकले. पोरं तलवारी घेऊन यायची बाकी होती."

इथे मला सर्वोच्च न्यायालय आठवलं. शरद पवारांनी २०२३ मध्ये सांगितलं होतं की माझा फोटो माझ्या परवानगीशिवाय वापरू नका. तरी वापरला गेला, प्रकरण दिल्लीला गेलं आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने अजित पवार गटाला त्यांचा फोटो वापरू नका म्हणून सुनावलं. म्हणजे ज्या माणसाने अर्धशतक महाराष्ट्राचं राजकारण कोळून प्यायलं, त्यालाही स्वतःचा चेहरा सोडवून घ्यायला सुप्रीम कोर्टाची पायरी चढावी लागते. मी कुठली पायरी चढू? मी आलेय शटरची.

"माझा फोटो काढ," मी म्हटलं.

"फोल्डरमधून काढतो. चौकातला कसा काढणार? पांढरी पट्टी मारता येईल. पट्टीचे शंभर, शिडीचे वेगळे."

"ते मी द्यायचे?"

"मग भाऊ देणार का, तुम्हाला पुसायचे?" त्याचंही बरोबर होतं. "पण मारू नका, मॅडम, मी सांगतो. पट्टी मारली की लोकांना वाटतं पक्ष सोडला. मागे एकावर मारली, तर संध्याकाळपर्यंत त्याला समोरच्या पार्टीचा फोन आला, या म्हणून. आता तिकडं उपाध्यक्ष आहे तो."

मी निघाले. निघताना, शिकवण्याची सवय जात नाही म्हणून, निदान नाव तरी नीट लिही, मी दीर्घ, असं बजावलं. त्याने लगेच टाइप केलं, मला स्क्रीन दाखवली. "सेव्ह केलं. पुढच्या टायमाला बरोबर येईल." आणि मग, काहीतरी चांगलं सांगावं अशा सुरात, "तुमचा तो निळा फोटो पण ठेवतो बाजूला. श्रद्धांजलीला छान दिसंल. रंग काढला की झालं."

हसून सोडून द्यावं, असं घरचे म्हणतात. मी हसते आहे की. पण तो फ्लेक्स जिथे बांधलाय, तिथे डावीकडून गल्लीचा रस्ता येतो. शाळेची व्हॅन वळते तेव्हा ड्रायव्हरला समोरून येणाऱ्या दुचाकीऐवजी माझा फुगलेला गाल दिसतो. कोपऱ्यातल्या गुलमोहराला खिळे ठोकून भाऊंचा सिंह ताणून बसवलाय. मे २०२४ मध्ये घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. परवानगीची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती, उभं होतं १२० बाय १२० चं. त्यानंतर आठवडाभर सगळीकडे मोजमापं झाली, आमच्या चौकातही पालिकेची गाडी आली. तिने काय उतरवलं? एका शिक्षिकेने विजेच्या खांबाला चिकटवलेली 'इंग्रजी व्याकरणाचे वर्ग' ही वहीच्या पानाएवढी पाटी. सिंहाच्या शेपटीला हात लावला नाही. कायदा नाही असं नाही, १९९५ पासून आहे. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरच्या पालिकांना हे फलक उतरवा म्हणून खडसावूनही झालं. नवऱ्याने मोबाइलवर कायदा काढून मला वाचून दाखवला, विनापरवाना शहर विद्रूप केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "दोन हजारच आहेत, भरून टाकू," तो म्हणाला. तोवर मी त्यात आरोपी असू शकते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

म्हणून मी घाईने पालिकेत फोन लावला. पलीकडचे गृहस्थ फार सौजन्याने बोलले.

"बॅनर कुणी लावलाय?"

मी भाऊंचं नाव सांगितलं.

"ज्यांचा वाढदिवस आहे, ते लावत नसतात, मॅडम. त्यांना शुभेच्छा देणारे लावतात. शुभेच्छुक कोण कोण आहेत?"

मी कडेची चारदोन नावं सांगितली. मधलं गाळलं.

"मधे कुणी नाही?"

"आहे. मिनलताई."

"आणि तक्रारदाराचं नाव?"

"मीनल."

लिहिण्याचा आवाज थांबला. "वेलांटी कुठली?"

"दीर्घ."

"त्यांची?"

"ह्रस्व."

"मग वेगळ्या आहात. चालेल," असं म्हणून त्यांनी तक्रार क्रमांक दिला.

परवा मोबाइलवर मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' मी गॅलरीतून वाकून बघितलं, फ्लेक्स जागेवर. मेसेजखाली कारवाईचा तपशील होता, 'संबंधित शुभेच्छुकांस नोटीस बजावण्यात आली.' आणि काल दुपारी पालिकेचा शिपाई लिफाफा घेऊन दारात. वर लिहिलेलं, 'सौ. मिनलताई, महिला आघाडी'. पत्ता त्याला कुठून मिळाला म्हणाल, तर चौकात विचारला, भाजीवाल्याने थेट दारापर्यंत आणून सोडलं. ह्या मी नव्हेत, माझी वेलांटी दीर्घ आहे, असं मी सांगून पाहिलं. त्याने मान वर करून एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचाय. मी रात्री दोन मसुदे करून फाडले. नवरा म्हणतो, कशाला डोकेफोड करतेस, भाऊंकडे जा, ते एका फोनमध्ये मिटवतील.